किसनभाऊ उडाले ती संध्याकाळ

यात्रेची बस नेणाऱ्या बाईला दिवाळी अंकात लिहायला बसवलं, की वाचणाऱ्याला वाटतं आता देवळांच्या रांगा येणार, नवस येणार, एखादा साक्षात्कार येणार. तसं काही येणार नाही, आधीच सांगून ठेवते. आयुष्यभर मी देवांच्या दारात बस उभी केली, आणि लिहायला बसले तर डोळ्यांपुढं येतो तो समुद्रावरचा एक कडा. मागच्या बाजूला एक छोटं देऊळ आहे तिथं, पण त्यातल्या देवाचं नाव मला अजूनही धड सांगता येत नाही. कड्याचं आणि गावाचं नावही मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर उद्या वाशीम जिल्ह्यातल्या सगळ्या गाड्या तिकडं लागतील, आणि तिथले तात्या मला शिव्या घालतील.

मी मालेगावची. जहांगीर मालेगाव, वाशीम रोडवरचं. लोक मला यात्रावाल्या ताई म्हणतात. सोयाबीन बाजारात गेलं, हरभरा वावरात उभा राहिला, की आमच्याकडच्या माणसाला थोडी उसंत मिळते, आणि त्याला देव आठवतो. त्या उसंतीत मी बस काढायची. रिसोडहून निघायची, मालेगावात भरायची, जऊळक्याच्या फाट्यावर उरलेली माणसं घ्यायची आणि पंधरा दिवस हिंडवून परत आणायची. भजनी मंडळाच्या बायकांची तिकिटं सांभाळायला म्हणून एकदा गेले होते, ती मग हाच धंदा करून बसले.

बस नेणं म्हणजे काय, हे घरी बसणाऱ्याला कळत नाही. त्याला वाटतं, गाडी असते, ड्रायव्हर असतो, रस्ता असतो, झालं. खरं म्हणजे बसमध्ये तीनच गोष्टी सांभाळायच्या असतात : माणसाची जागा, माणसाचं पोट आणि माणसाचा रुसवा. जागेसाठी मी रोज सकाळी सगळ्यांना उठवून बसवायची. काल पुढं होता तो आज मागं. एकदा एक मोठे जमीनदार गृहस्थ आले होते, त्यांना मागं बसणं म्हणजे अपमान वाटायचा. मग मी त्यांना थेट ड्रायव्हरच्या केबिनमध्ये इंजिनच्या पेटीवर बसवलं. सगळ्यांच्या पुढं. त्यांचे पाय भाजून निघत होते, पण उतरेपर्यंत चेहऱ्यावरचं समाधान ढळलं नाही.

आणखी एक होते, रिसोडच्या धान्यबाजारातले. बाहेरचं पाणी बाधतं म्हणून घरच्या विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरून आणलेलं. घोट घोट पुरवून प्यायचे, आणि कोणी बिसलेरी काढली की त्याच्याकडं दयेनं पाहायचे. चौथ्या दिवशी कॅन संपली तेव्हा घरचं कोणी गेल्यासारखे उदास होऊन बसले. मग आमच्या आचाऱ्यांनी, किसनभाऊंनी, त्यांना तांब्याभर पाणी दिलं, ते गटागटा प्यायले, आणि पुढं परतीपर्यंत त्यांना काहीही झालं नाही.

सुमनबाई तर दरवर्षीच्या. रिसोडच्या बाजूला त्यांचा भाजीपाल्याचा मळा, वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. भाजीवाल्याला उसंत कसली, पण त्या सुनेच्या हाती मळा देऊन निघायच्या. कुठल्याही गावात उतरलं की आधी देऊळ नाही, भाजीबाजार. तिथली वांगी दाबून बघायची, देठ बघायचा, आणि बसमध्ये चढताना निकाल द्यायचा. देव कसा होता विचारलं तर म्हणायच्या, देव बरा होता, पण मेथी निब्बर होती.

आता किसनभाऊ. आमचे आचारी. जऊळक्याचे. आधी लग्नाच्या पंगती करायचे, मग माझ्या बसला लागले ते शेवटपर्यंत. आचाऱ्याचं काम कसं असतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. बस देवळापाशी थांबली की माणसं हातपाय धुऊन दर्शनाला जातात. आचारी बसच्या सावलीच्या बाजूला भट्टी उतरवतो. माणसं दर्शन घेऊन, बाजार करून, फोटो काढून परत येतात तेव्हा भात उतरलेला असायला हवा. भुकेलं माणूस दहा मिनिटं थांबलं की त्याला देवदर्शनाचा विसर पडतो आणि तो ट्रॅव्हल्सवाल्या बाईला शिव्या द्यायला लागतो. जेवणं झाली की भांडी, भांडी झाली की बस सुटते. म्हणजे जिथं जिथं आमची बस गेली, तिथं किसनभाऊही गेले. पण त्यांनी पाहिली ती देवळांची मागची भिंत आणि पार्किंग.

त्यांना गावं पाण्यावरून आठवायची. अमक्या ठिकाणी पाणी जड, तुरीची डाळ शिजत नाही. तमक्या ठिकाणी पाणी गोड, भाताला चव येते. मी कधी म्हटलं, भाऊ, आज तुम्हीही जाऊन या दर्शनाला, तर म्हणायचे, डाळ चुलीवर हाये ताई. आणि ते खरंच असायचं.

त्या कड्यावर आम्ही पहिल्यांदा गेलो ते चुकून. कोकणातले गणपती करून येत होतो. आमचे ड्रायव्हर शेरूभाई रस्ता विचारायला कधी लाजत नसत, पण त्या वर्षी नातवानं त्यांना मोबाईलवर रस्ता पाहायला शिकवलं होतं. मोबाईल सांगत गेला, शेरूभाई वळत गेले. दुपार कलली होती, सगळी बस झोपेत होती. मी पुढं बसून पेंगत होते. एकाएकी गाडी थांबली. मोबाईल म्हणाला, पोहोचलात. समोर पाहते तर जमीनच संपलेली. काळ्या कातळाचं मोठं पठार, त्यावर वाळलेलं पिवळं गवत, आणि गवताच्या पलीकडं एकदम निळं काहीतरी. आधी मला ते आभाळ वाटलं. मग कळलं की खालचं अर्धं आभाळ नाही, समुद्र आहे.

आणि त्या निळ्यावर माणसं उडत होती.

मी उतरले. बसमधल्या कोणाला हाक मारावी असं सुचलंही नाही. लाल, पिवळी, जांभळी कापडं, कमानीसारखी वाकलेली, आणि त्यांच्या खाली दोऱ्यांना टांगून बसलेली माणसं. इंजिन नाही, आवाज नाही. कड्याच्या कडेनं सरकत जायची, वळायची, परत यायची. एक तर इतक्या जवळून गेलं, की दोऱ्यांतून वाहणाऱ्या वाऱ्याची शीळ ऐकू आली. आपण झोपेत असताना कोणी घरात हळूच वावरत असावं, तसं वाटलं मला ते सगळं. आजही तो कडा आठवला की आधी ती शांतता आठवते.

तिथले मुख्य म्हणजे तात्या. पन्नाशीचे, उन्हानं रापलेले, बोलायला तुटक. तिथल्या उडणाऱ्यांचे ते गुरू. मी बसच्या चुकीबद्दल सांगितलं तर म्हणाले, इथं कोणी मुद्दाम येत नाही, सगळे चुकूनच येतात. मग चहा दिला आणि जागेची गोष्ट सांगितली. तात्यांच्या जन्माआधीपासून तिथं उडणं चालू आहे. तेव्हा ही कापडं नव्हती, ग्लायडर होते. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान, लाकडाचा सांगाडा आणि वर कापड. कोणी हौशी लोक ते सुटं करून बैलगाड्यांतून वर आणायचे आणि पठारावर जोडायचे. उडवायची रीत अशी, की ग्लायडरच्या नाकाला रबरी दोर लावायचा, दोराची दोन टोकं दोन बाजूंना गावातल्या माणसांनी धरायची आणि कड्याकडं पळत सुटायचं. दोर ताणला की मागून ग्लायडर सोडायचा. तो बाण सुटल्यासारखा माणसांच्या डोक्यावरून समुद्रावर जायचा. दोर ओढणाऱ्यांनी कड्याच्या आधी जमिनीवर पालथं पडायचं, एवढं विसरायचं नाही. तात्यांचे वडील दोर ओढणाऱ्यांत होते. आयुष्यभर दुसऱ्यांना उडवलं, स्वतः कधी बसले नाहीत, एवढं सांगून तात्यांनी कप ठेवला.

त्या काळातलं आता तिथं फार उरलेलं नाही. दगड बसवलेली एक पट्टी, वाऱ्याची दिशा पाहायला कापडी पिशवी लावायचा लोखंडी खांब, छप्पर उडालेली एक कोठी आणि कातळात कोरलेली काही नावं. पण वारा तोच आहे. समुद्रावरून येतो, कड्याच्या भिंतीला धडकतो, आणि पुढं जायला वाट नाही म्हणून वर चढतो. त्या चढत्या वाऱ्यावर माणूस तरंगतो. आमच्या बायकांना मी उपणणीचं उदाहरण देऊन समजावायची. आपल्याकडं टोपलं उंच धरून धान्य ओतलं, की भूस बाजूला उडतं. इथं भूस वर जाईल. त्या मान हलवायच्या, पण पटलेलं नसायचं. वारा आडवा असतो, उभा कुठं असतो.

पुढं दरवर्षी कोकणाच्या फेरीत मी त्या कड्यावर एक मुक्काम ठेवला. फार कोणी उडायचं नाही. आमची माणसं पाहायची, हसायची, फोटो काढायची. उडायची वेळ म्हणजे दुपार उतरल्यापासून सूर्य बुडेपर्यंत, कारण समुद्राचा वारा तेव्हाच भरतो. आणि नेमकी तीच वेळ किसनभाऊंची रात्रीच्या स्वयंपाकाची. ते देवळाच्या आवारात भट्टीपाशी वांगी चिरत बसायचे. एकदा एक जांभळं कापड त्यांच्या डोक्यावरून बरंच खाली आलं आणि त्यातल्या माणसानं हात हलवला. किसनभाऊंनीही हात हलवला. हातात सराटा होता, भाजी हलवायचा, तो तसाच वर धरून ते कापड दिसेनासं होईपर्यंत उभे राहिले. त्या दिवशी भाजी थोडी लागली.

गेल्या वर्षी पोळ्यानंतर किसनभाऊ घरी आले. त्यांचा खोकला वाढला होता. वाशीमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, धुरापासून लांब राहा, आता भट्टी पुरे. मुलगाही ऐकायला तयार नव्हता. ही शेवटची बस, एवढं सांगायला आले होते. मलाही आतून बस थांबवायचीच होती. आता घरोघर गाड्या झाल्या, पोरं आईबापांना स्वतः नेतात, बसच्या जागा भरत नाहीत. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की जास्त लागतं. चहा झाला, तरी किसनभाऊ उठेनात. मग खाली मान घालून म्हणाले,

“ताई, आवंदा त्या कड्यावर जायचं हाये ना?”

इतक्या वर्षांत बस कुठं जाणार आहे हे त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, जायचं आहे, आणि यंदा तुम्ही उडायचं. ते हसले. म्हणाले, सैपाक कोन करन? मी म्हटलं, ते माझ्यावर सोडा.

सोडा म्हणणं सोपं होतं. बसमध्ये मी गोष्ट काढली तेव्हा निम्मे लोक हसले. आचारी उडणार म्हटल्यावर हसू येतंच. पण सुमनबाई हसल्या नाहीत. त्यांनी जागेवरूनच जाहीर केलं, की कड्यावरच्या दिवशी रोडगे होतील, आणि ते बायका करतील. रोडगे म्हणजे आमच्याकडचं वावरातलं जेवण. जाड्या कणकेचे गोळे गोवरीच्या आरात भाजायचे, राख झाडून फोडायचे, वर तूप, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. आता कोकणात गोवऱ्या कुठून आणायच्या? तर शेवटच्या फेरीत रोडगे करायचेच म्हणून सुमनबाईंनी निघतानाच त्याची सोय केली होती. बसच्या टपावर एक पोतं होतं, मला वाटलं होतं कोणाच्या नातेवाइकांसाठी तूर नेतायत. रिसोडच्या गोवऱ्या होत्या. अख्खी देवयात्रा करून आल्या होत्या.

आम्ही कड्यावर पोहोचलो तेव्हा वारा नुकता भरत होता. तात्यांनी किसनभाऊंना वरून खालपर्यंत न्याहाळलं, वजन विचारलं, खोकल्याचं विचारलं, आणि पायांकडं बोट दाखवून म्हणाले, चपलांत उडता येत नाही. मग शेरूभाईंनी आपले कॅनव्हासचे बूट काढून दिले. मापाला मोठे होते, आत कागद कोंबले. उडायचं कसं ते तात्यांनी समजावलं. माणूस पुढं, चालवणारा त्याच्या पाठीशी, दोघं एकाच कापडाखाली. कापड मागं जमिनीवर पसरलेलं असतं, ते वाऱ्यानं डोक्यावर उभं राहिलं की कड्याकडं पळायचं. पळत राहायचं. लोक काय करतात, तर जमीन सुटायच्या आधीच बसून घेतात, तिथं चूक होते. पाय अधांतरी गेले तरी पळत राहा, असं तात्यांनी तीनदा सांगितलं. किसनभाऊ तिन्ही वेळा ‘व्हय’ म्हणाले. अंगात पट्टे अडकवले, डोक्यावर हेल्मेट चढलं, आणि त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून माझ्या हाती दिला. मी त्यांना दुपट्ट्याशिवाय पहिल्यांदाच पाहत होते, वेगळेच कोणी दिसत होते.

आणि तेव्हाच ते घडलं.

आमच्या बायकांची एक रीत आहे. बस नदीवरून गेली की खिडकीतून नदीत नाणं टाकायचं. समुद्र लागला की त्याची ओटी भरायची, कारण आपली पैनगंगा शेवटी त्याच्याकडंच नांदायला येते. माझ्या भूगोल शिकवणाऱ्या भाचीनं एकदा सांगितलं होतं, की पैनगंगा पलीकडच्या समुद्राला जाते, ह्या नाही. त्यावर सुमनबाईंचं म्हणणं, समुद्राले काय धुरे हायेत का. धुरे म्हणजे बांध. तर दरवर्षी त्या खाली वाळूवर उतरून ओटी भरायच्या. ह्या वर्षी गुडघे दुखत होते, पायवाट उभी होती आणि रोडग्यांची घाई होती. म्हणून सगळ्या जणी पठाराच्या टोकाला, आम्ही उभे होतो तिथून थोड्या अंतरावर, ओळीनं उभ्या राहिल्या आणि वरूनच ओटी भरली. नारळ, तांदूळ, हळदकुंकू आणि प्रत्येकीचा एक एक खण.

नारळ खाली गेले. तांदूळ अर्धे गेले, अर्धे परत आले. हळदकुंकू सगळंच्या सगळं परत आलं आणि ओळीतल्या एकूण एक बाईचं तोंड रंगवून गेलं. आणि खण वर गेले. हिरवे, लाल, मोरपंखी, जरीच्या काठांचे, घड्या मोडून उघडत उघडत वर गेले आणि कड्याच्या वर तरंगायला लागले. खोटं नाही सांगत, क्षणभर मला वाटलं, समुद्रानंच आमच्या बायकांची ओटी भरली. इतकं सुंदर मी कुठल्याही देवळात पाहिलं नाही. सगळे वर बघत राहिलो.

तात्या मात्र ओरडले. हवेत त्यांचा एक माणूस उडत होता. एक लाल खण जाऊन त्याच्या दोऱ्यांत अडकला. तो जाणता होता, कापड सांभाळत खाली वाळूवर नीट उतरला, पण तात्यांचा चेहरा पांढरा पडला होता. दोऱ्यांत असं फडकं गुंतलं आणि कापड मिटून परत उघडलंच नाही तर काय होतं, ते त्यांनी मला थोडक्यात सांगितलं. ते इथं लिहीत नाही. मग म्हणाले, आता उडणं बंद. एकूण एक खण हातात आल्याशिवाय मी कोणाला जमीन सोडू देणार नाही. आणि सूर्य बुडायला आता फार वेळ नाही, तेव्हा आज राहूच दे.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्हाला निघायचं होतं. पुढच्या वर्षी बस नव्हती, किसनभाऊही नव्हते. हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. मी तात्यांशी वाद घालणार होते, पण बरोबर त्यांचं होतं. किसनभाऊ तसेच उभे होते, पट्ट्यांत बांधलेले. रागावले नाहीत, काही नाही. हनुवटीखालचा हेल्मेटचा बंद चाचपडत म्हणाले,

“राह्यलं तं राह्यलं, ताई. भाजीले फोडणी घालून घेतो.”

ते वाक्य सुमनबाईंनी ऐकलं. हळदकुंकवानं माखलेलं त्यांचं तोंड मला अजून दिसतं. त्यांनी पदर खोचला आणि किसनभाऊंना म्हणाल्या, बंद सोडू नका. मग बायकांकडं वळून एकच हाक दिली, आणि आमची सगळी बस त्या पठारावर सुटली. गुडघे दुखतात म्हणून जिनं पायवाट उतरली नव्हती ती सुद्धा. बसमध्ये जागेवरून रुसणारे बाप्ये धोतर धरून पळत होते. खण वाऱ्यावर कड्यावरून आत आत येत होते, कोणी जमिनीला टेकत होता तोच परत उठत होता, कोणी करवंदीच्या जाळीत बसला होता. पिवळ्या गवतात आमची माणसं हात वर करून धावत होती, आणि मावळतीचं ऊन सगळ्यांच्या अंगावर होतं. शेरूभाई अनवाणी. मीही धावले. किसनभाऊंचा दुपट्टा छातीशी धरून मी एका मोरपंखी खणाच्या मागं इतकी लांब गेले, की मागं वळून पाहिलं तर कडा, बस, माणसं सगळं दूरच्या दूर दिसत होतं, आणि मी कोण, कशाला आले, हे काही वेळ मला आठवेना. खण मात्र सापडला.

सगळे खण देवळाच्या पायरीवर दगडाखाली ठेवले. सुमनबाई प्रत्येकीला विचारून जुळवत होत्या. वाळूवर उतरलेल्यानं लाल खण वर पाठवला. राहिला एकच, त्यांचा स्वतःचा, हिरवा. तो कोणालाच सापडला नव्हता. तात्यांनीच तो पाहिला. वर, फार वर, पठाराच्या मागच्या बाजूला एक हिरवा ठिपका पूर्वेकडं चालला होता. तात्या कपाळावर हात धरून त्याच्याकडं बघत राहिले. आम्ही तात्यांकडं बघत राहिलो. ठिपका पुसट झाला, मग दिसेनासा झाला. सुमनबाई म्हणाल्या, जाऊ द्या, घराकडं चालला तो. तात्यांनी सूर्याकडं पाहिलं, लोखंडी खांबावरच्या पिशवीकडं पाहिलं. मग खाली वाकून कापड पसरायला लागले.

किसनभाऊ पळाले, पाठीशी तात्या. मोठे बूट फटफट वाजत होते. कापड मागून उठलं, डोक्यावर आलं, त्यांना मागं ओढू लागलं तरी ते पळत होते. कडा आला, पाय अधांतरी गेले, आणि हवेतसुद्धा ते पळतच राहिले. आम्हाला वाटलं आता खाली जातील. ते वर गेले. सरळ वर, कोणी दोरीनं ओढून घ्यावं तसे. बायकांच्या तोंडून एकदम ‘अगं माय’ निघालं.

किती वेळ ते वर होते, मला सांगता येणार नाही. रोडगे आरात पडले होते, पण सगळ्या जणी कड्याशीच उभ्या होत्या. देवळामागून गोवऱ्यांचा धूर येत होता. ते आमच्या डोक्यावरून गेले, शेरूभाईंचे बूट दिसले, झिजलेल्या तळांचे. आम्ही हाका मारल्या, हात हलवले. त्यांनी हलवला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून, शाळेत पहिल्या दिवशी बसलेल्या मुलासारखे ते बसले होते आणि समुद्राकडं बघत होते. सूर्य पाण्याला टेकला तरी तात्या त्यांना उतरवत नव्हते. कड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, परत, पुन्हा परत. तात्यांना दोर ओढणारे आपले वडील आठवत होते, हे मला न विचारता ठाऊक होतं.

ते खाली वाळूवर उतरले आणि पायवाटेनं वर आले तोवर दिवेलागण झाली होती. बसचे दिवे लावून आवारात पंगत बसली होती. पानं वाढलेली, रोडगे फोडून तूप घातलेलं, आणि मधली एक जागा रिकामी. आचारी पंगतीत बसत नाही, तो सगळ्यांच्या मागून जेवतो. किसनभाऊ सवयीनं भट्टीकडं वळले. सुमनबाईंनी त्यांचा हात धरून त्या पानावर आणून बसवलं. त्यांनी बसल्यावर पानाकडं पाहिलं, शेजारच्यांकडं पाहिलं. कोणी घास घेत नव्हतं. शेवटी कोणीतरी विचारलंच, भाऊ, काय दिसलं?

किसनभाऊंनी मान खाली घालून तोंडाशी मूठ धरली. मला वाटलं खोकला आला. मग म्हणाले,

“तुमी दर्शनाहून येत होते ना, मी वाढत राहो अन् तुमी सांगत राहा. असं देऊळ होतं, तसा डोंगर होता, डोळ्यात मावे ना. मले वाटे, किसन मांगं राह्यला, त्याले वाईट नाई वाटलं पायजे म्हून कमीच सांगून राह्यले.”

त्यांनी पानातला रोडगा थोडा बाजूला सारला.

“मले वाटे, त्याहून लय मोठं असन. आज पायलं. तुमी जेवढं सांगितलं, तेवढंच हाये. काही लपवलं नोतं तुमी माह्यापासून.”

मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही. तुपाची कासंडी घेऊन उठले आणि किसनभाऊंच्या पानात वाढायला वाकले. त्यांनी हात आडवा धरला, पुरे म्हणून. मी वाढतच राहिले.